फैजपूरच्या इंजिनाचे अकरा बोल्ट

नाना गुरुवारी गेला. सकाळी दुकान उघडून त्याने पाना हातात घेतला आणि तो बाकावरून खाली पडला. रिक्षातून दवाखान्यात नेलं. दहा वाजता डॉक्टरांनी सांगितलं. बारा वाजता मी दुकानाला कुलूप लावलं.

नाना माझा थोरला भाऊ. जळगावात, पिंप्राळ्याला, घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. दुकानावर पाटी नव्हती, अजूनही नाही. तिथे जुन्या गाड्यांचे नट-बोल्ट मिळतात. जुन्या गाड्यांसाठी केलेले नवे नव्हेत, त्या गाड्यांतूनच काढलेले.

हा धंदा काय, असं पुष्कळजण विचारतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गाडी पुन्हा उभी करणारे लोक आपल्याकडे आहेत. रंग नवा दिला तरी चालतो, सीटचं कातडं नवं चालतं. पण बोल्ट नवा लावला की जाणकाराला लगेच दिसतो. जुन्या बोल्टच्या डोक्याची उंची वेगळी असते. डोक्यावर बनवणाऱ्याची अक्षरं उठवलेली असतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक टॉर्च घेऊन वाकतात ते याचसाठी. नाना खानदेशभर मेलेल्या गाड्या शोधत फिरायचा. कापसाच्या जिनिंगच्या मागे, डॉक्टरांच्या पडवीत, शेतातल्या शेडमध्ये. भंगारवाला गाडी वजनावर घ्यायचा. नाना त्याला म्हणायचा, "कापण्याआधी मला एक दिवस दे." त्या दिवसात तो एकेक बोल्ट न मोडता सोडवायचा. घरी आणल्यावर वहिनी ते रॉकेलात भिजवायच्या, ब्रशने धुवायच्या, तेलाचा हात द्यायच्या. मग डब्यात.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यापासून दुपारी दुकानात बसायचो. गिऱ्हाइकांची पत्रं, मेल, फोटो, पार्सल माझ्याकडे. बोल्टला हात लावायची वेळ माझ्यावर येत नव्हती.

नानाचे डबे मला कधीच पटले नाहीत. बिस्किटांचे, तुपाचे, रंगाचे डबे. एका डब्यात पाच-सहा मापांचे बोल्ट एकत्र. झाकणावर खडूने लिहिलेलं असायचं, 'अमळनेर डॉक्टर', 'पारोळा काळी', 'फैजपूर केळीवाला'. माप कुठेच नाही. मी एकदा म्हटलं होतं, "नाना, एखाद्याला अमुक मापाचा बोल्ट हवा असेल तर तू सगळे डबे उघडणार का?" तो म्हणाला, "माप मागणारा माझ्याकडे येतच नाही." मी विषय सोडून दिला.

तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. हाताला काम हवं होतं. मी प्लॅस्टिकचे ट्रे आणले, लेबलं छापली आणि डबे रिकामे करायला घेतले. पान्याच्या मापाप्रमाणे एक ओळ, त्यात लांबीप्रमाणे कप्पे. स्वच्छ बोल्ट पुढे, डाग पडलेले मागे 'खराब' लिहिलेल्या ट्रेमध्ये. पाच आठवडे लागले. काम संपलं तेव्हा कोणताही बोल्ट मी अर्ध्या मिनिटात काढून देऊ शकत होतो. खडूने लिहिलेली झाकणं पुसून मी डबे माळ्यावर टाकले.

मग धुळ्याहून कुमुदअक्कांचा फोन आला.

अक्का शाळेतून निवृत्त झालेल्या. देवपुरात एकट्या राहतात. त्यांचे वडील डॉक्टर होते. त्यांची एक्कावन्न सालची मायनर, लहानशी इंग्लिश गाडी, अक्का पुन्हा चालू करत होत्या. आधीच्या एका गॅरेजने इंजिनाचा ब्लॉक फोडून ठेवला होता. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं ओतीव बिडाचं मुख्य धूड, ज्यावर बाकी सगळं बसतं. तसा दुसरा मिळायला त्यांना नऊ वर्षं लागली. तो आता मिस्त्रीकडे होता आणि त्याच्या पुढच्या झाकणाला लागणारे अकरा बोल्ट त्यांच्याकडे नव्हते.

"भाऊ, नाना गेल्याचं कळलं. गुडघ्यामुळे येता आलं नाही."

"असू द्या, अक्का."

"त्यांनी माझ्यासाठी फैजपूरचा डबा, मायनरच्याच इंजिनाचा, बाजूला ठेवला होता. दोन वर्षं झाली. म्हणाले होते, ब्लॉक मिळेल तेव्हा न्या. आता मिळालाय. तेवढा डबा पाठवता?"

"पाठवतो," मी म्हटलं.

डबा माळ्यावर होता, रिकामा. पण मला त्यात अडचण वाटली नाही. माप मला माहीत होतं. अक्कांनी इंजिनाच्या झाकणाचा आणि पान्याचा फोटो पाठवला होता. त्या मापाच्या, त्या लांबीच्या कप्प्यात तीसेक बोल्ट होते. त्यातले अकरा निवडले. सगळे स्वच्छ, एकसारखे. नाना प्रत्येक सेट सुतळीने बांधून कापडात गुंडाळायचा, तसाच मीही बांधला आणि कुरिअरला दिला.

तिसऱ्या दिवशी सुकदेव मिस्त्रीचा फोन आला. अक्कांचं इंजिन त्याच्या गॅरेजमध्ये होतं. सुकदेव मला 'सर' म्हणतो. पूर्वी त्यात थोडी मस्करी असायची.

"सर, बोल्ट तुटना."

"कसा?"

"दोन आटे गया, मंग अडकना. माले वाटनं, भोकमा माती व्हई. जोर दिधा. डोकं हातमा उनं, बाकीनं मझारच ऱ्हायनं."

"आधी बोटाने फिरवून बघितला नाहीस?"

"नानाना माल शे ना सर. नानाना माल कोन तपासस?"

तो पुढे म्हणाला, "आते मी हात लावाव नही. तुम्ही या. अक्काले तुम्हीच सांगा."

अडचण काय होती ते सांगतो. त्या भोकाच्या मागे ब्लॉकमध्ये इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट आहे. मध्ये बिडाची पातळ भिंत, दोन-तीन मिलिमीटरची. आत राहिलेला तुकडा काढायचा तर त्याच्या मधोमध ड्रिल मारावं लागतं. ड्रिल जरा वाकडं गेलं की भिंत फुटते आणि इंजिनात पाणी उतरतं. मग ब्लॉक भंगारात आणि गाडी पुन्हा शेडमध्ये. आणखी नऊ वर्षं शोधायला अक्कांकडे नव्हती.

बोल्ट का अडकला, ते कळायला मला अर्धा दिवस लागला. नानाच्या पेटीत पिच गेज होतं. पिच गेज म्हणजे लहान पात्यांचा जुडगा. प्रत्येक पात्याला करवतीसारखे दाते, पण दात्यांमधलं अंतर वेगळं. जे पातं बोल्टच्या आट्यांत, म्हणजे पिळांत, चपखल बसेल ते त्या आट्यांचं माप. मी ते बोल्टवर कधी लावून पाहिलं नव्हतं. मी फक्त डोकं मोजलं होतं.

नानाच्या कपाटात एक जुनं मॅन्युअल होतं. त्याच्या कडेला नानाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. ते इंजिन बनवणाऱ्या कारखान्याची यंत्रं मूळची फ्रान्सहून आलेली. म्हणून आटे मिलिमीटरचे. पण इंग्रज कामगारांच्या पेटीतले पाने बदलावे लागू नयेत म्हणून बोल्टचं डोकं इंग्रजी मापाचंच ठेवलं. म्हणजे पाना तोच बसतो, लांबी तीच, जाडीत केसाएवढा फरक. आटे मात्र वेगळे. असा बोल्ट इंचवाल्या बोल्टच्या शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक दिसत नाही. मीही तसाच शेजारी ठेवला असणार. एकाच कप्प्यात, एकाच लेबलखाली.

नानाला हा घोळ कधीच झाला नाही, कारण त्याच्या डब्यात एका गाडीचेच बोल्ट असायचे. आटे कोणते, हे त्याला लक्षात ठेवावंच लागत नव्हतं. गाडी तेवढी लक्षात ठेवायची.

त्या पाच आठवड्यांनंतर मी अक्कांखेरीज आणखी चार जणांना माल पाठवला होता. चौघांना फोन केले. लावू नका, परत पाठवा, असं सांगितलं. तिघांनी पाठवले. चौथ्याने लावून टाकले होते, नीट बसले होते. तो म्हणाला, "नानांच्या दुकानातून असा फोन पहिल्यांदाच आला."

मग मी त्या कप्प्यात उरलेले बोल्ट बाकावर पसरले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, फैजपूरचं इंजिन आठवतं?"

"न आठवायला काय झालं? केळीच्या शेडमधलं. कोपऱ्यात उघडं पडलेलं आणि वर केळीचे घड टांगलेले. किती वर्षं त्याच्यावर चीक गळला असेल. त्याचे बोल्ट काळे. तीन दिवस रॉकेलात ठेवले, ब्रशने घासले, डाग जाईना. यांना म्हटलं, हे कोण घेणार? तर म्हणे, राहू दे."

केळीचा चीक कपड्यावर पडला की जात नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. लोखंडावर पडला की तो काळा होऊन आत मुरतो, हे मला माहीत नव्हतं. मी बाकावर पसरलेल्या बोल्टांकडे पाहिलं. त्यात काळा एकही नव्हता. काळे मी 'खराब'मध्ये टाकले होते.

"तुम्हाला दिसत होतं, मी सगळे डबे एकत्र करतोय ते?"

"दिसत होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बाकावरचा एक बोल्ट उचलून पदराने पुसला.

"भाऊजी, तेरा दिवस तुम्ही धड जेवला नव्हता. इथे बसायला लागलात तेव्हापासून दोन घास खाल्लेत. त्यात मी डब्यांचं काय बोलणार?"

आम्ही 'खराब'चा ट्रे उपडा केला. वहिनी बोल्ट हातात घेऊन उजेडाकडे धरायच्या आणि डाग बघून बाजूला काढायच्या. मी त्यावर पिच गेज लावायचो. त्यांनी काढलेला एकही चुकला नाही. संध्याकाळपर्यंत अक्कांच्या मापाचे दहा मिळाले. अकरावा दोन दिवस शोधला. परत आलेल्या पार्सलांतही नव्हता. तो आजवर मिळालेला नाही.

दहा बोल्ट आणि पिच गेज घेऊन मी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो.

सुकदेवचं गॅरेज पत्र्याचं आहे. ब्लॉक लाकडी घोडीवर बांधलेला होता. अक्का प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. मी त्यांना सगळं सांगितलं. डबे, ट्रे, लेबलं, सगळं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"कॉलेजात पुस्तकं कशी लावायचात?"

"विषयाप्रमाणे."

"म्हणजे माझे बोल्टही विषयाप्रमाणे लावलेत."

त्या हसल्या नाहीत. सुकदेव हसला.

"सर, पुस्तकमा पान चुकनं तं मांगे जाता येस. आठे बीड शे."

"सुकदेव," अक्का म्हणाल्या, "तूही शहाणा नाहीस. अडकल्यावर जोर कुणी द्यायला सांगितला होता? कामाला लाग."

त्याने नाशिकहून उलट्या पिळाचं ड्रिल मागवून ठेवलं होतं. साधं ड्रिल उजवीकडे फिरतं. त्याने तुकडा आणखी घट्ट बसू शकतो. उलटं ड्रिल डावीकडे फिरतं. ते तुकड्यात रुतलं तर तुकडाच सुटून बाहेर येतो. पण आधी बारीक ड्रिलने वाट करावी लागते आणि धोका तिथेच असतो. सुकदेवने तुकड्याच्या मधोमध टोचा मारला. भिंग लावून पाहिलं. पुन्हा मारला. मग अगदी हळू ड्रिल सुरू केलं.

दर थोड्या वेळाने तो थांबायचा आणि टोकावरचा चुरा बोटावर घेऊन बघायचा. त्याने मला का ते सांगितलं. बोल्ट पोलादाचा. त्याचा चुरा चकचकीत, वळलेला निघतो. ब्लॉक बिडाचा. त्याची काळी पूड होते. चकचकीत येतंय तोवर ड्रिल बोल्टात आहे. काळं आलं की भिंतीत.

चार वेळा चकचकीत आलं. पाचव्या वेळी त्याने बोट माझ्याकडे केलं नाही.

"काळं आलं?" अक्कांनी विचारलं.

"थोडंसं."

"किती थोडंसं?"

"अक्का, बोलू नका."

त्याने ड्रिल बाहेर काढलं, पंपाने भोक फुंकलं, भिंग लावलं. ड्रिल एका अंगाला झुकलं होतं. नक्की किती, ते बाहेरून कळत नव्हतं. त्याने घोडीखाली लाकडाची पातळ चीप सरकवून ब्लॉकचा कोन बदलला. मला म्हणाला, "सर, टॉर्च धरा. हात हालाले नको." मी धरला. त्याने उलटं ड्रिल लावलं. अर्ध्या मिनिटाने आवाज बदलला. ड्रिलबरोबर तुकडा फिरायला लागला होता. तो मळसूत्रासारखा हळूहळू वर आला आणि सुकदेवच्या तळहातावर पडला.

अजून भिंत तपासायची होती.

त्याने ब्लॉकची बाकीची तोंडं बंद केली, पाण्याच्या वाटेत पाणी भरलं आणि भोकाच्या कडेला आत-बाहेर खडू फासला. भिंतीला तडा असेल तर खडू ओला होऊन गडद दिसतो. आम्ही चहा मागवला. अक्कांनी चहा घेतला नाही. तासाभराने सुकदेवने भोकात काडी फिरवून बाहेर काढली. काडीवर पांढरी पूड होती, कोरडी.

"भिंत शाबूत शे," तो म्हणाला.

अक्कांनी काठी मांडीवरून काढून जमिनीवर टेकवली. "आता चहा दे," त्या म्हणाल्या.

भोकाचे वरचे तीन आटे गेले होते. खालचे चांगले होते. त्याने मी आणलेला पहिला काळा बोल्ट शेजारच्या भोकात लावला. पान्याने नाही, दोन बोटांनी. तो शेवटपर्यंत गेला. दुसरा, तिसरा, असे दहाही गेले. दहावा बसल्यावर सुकदेव म्हणाला, "हाऊ शे नानाना माल."

अकराव्याचं काय, हा प्रश्न उरला. सुकदेवने लेथवर एक नवा कातून आणायची तयारी दाखवली.

"डोकाले अक्षरं पंच करी देसू. काळा बी करी देसू. कोनले समजाव नही."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "नानांनी काय केलं असतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "नाना असता तर ही वेळ आली नसती."

त्यांनी काठीने ते भोक दाखवलं. मग सुकदेवला म्हणाल्या, "अक्षरं नकोत. काळा करू नकोस. आणि जिथे तुटला त्याच भोकात लाव. उगाच चांगल्या भोकाला कशाला?"

लेथवरचा बोल्ट जरा लांब करून घेतला, म्हणजे खालचे आटे धरता आले. तो त्या भोकात बसला. दहा काळे आणि एक पांढरा.

गाडी हिवाळ्यात चालू झाली. अक्कांनी ती नाशिकच्या एका मेळाव्यात नेली. परीक्षकाने टॉर्च मारला आणि पहिल्यांदा त्या पांढऱ्या बोल्टवरच बोट ठेवलं. अक्कांनी फॉर्मवर आधीच लिहिलं होतं, 'अकरांपैकी एक नवा.' गुण कापले गेले. नंबर आला नाही. काळ्या दहांबद्दल परीक्षकाने विचारलं की हे एकाच इंजिनाचे आहेत का. अक्का म्हणाल्या, हो, फैजपूरचे. त्याने लिहून घेतलं. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. मी बोल्टच्या भोकाबद्दल विचारलं. "तेल गळत नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

या धंद्यात कुणी नवीन येत असेल तर मला एवढंच सांगता येईल. वस्तू काय आहे, हे ती हातात असेपर्यंत केव्हाही मोजता येतं. ती कुठून आली, हे आणताना लिहिलं तरच राहतं. ग्रंथालयात मी तीस वर्षं प्रत्येक पुस्तकावर आधी दाखल क्रमांक, म्हणजे ते केव्हा आणि कुठून आलं त्या नोंदीचा आकडा, घातला आणि विषय नंतर ठरवला. दुकानात उलटं केलं.

आता वहिनी आणि मी दुपारी ट्रे घेऊन बसतो. त्या बोल्ट उजेडाकडे धरतात. रंगाचा कण, मातीचा रंग, डोक्यावरची पान्याची खूण, यांवरून त्यांना कधी गाडी आठवते, पुष्कळदा आठवत नाही. आठवली की मी झाकणावर लिहितो, पण रंगाने. खात्री नसेल तर लिहीत नाही.

नानाचे त्र्याऐंशी डबे होते. गाडीचं नाव असलेले आज एकोणीस आहेत. बाकीचे बोल्ट ट्रेमध्ये आहेत. त्यांचं माप लिहिलेलं आहे.